इमारतींतील बिनतारी जाळ्यांचे संगणकीय नियोजन

इमारतीच्या आत वायफायचा किंवा मोबाइलचा सिग्नल कुठे किती पोहोचेल याचा अंदाज उपकरणे बसवण्यापूर्वीच संगणकावर बांधणे, आणि त्यावरून ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल सोडणारे यंत्र) किंवा अँटेनांच्या जागा ठरवणे, म्हणजे हे नियोजन. हाती येतो तो मजल्याचा रंगवलेला नकाशा. चांगली रेंज असलेला भाग हिरवा, कमकुवत भाग लाल. वायफायवरून बोलणे चालणार असेल तर उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) खाली सिग्नल जाऊ नये, असा दंडक बहुतेक नियोजक पाळतात.

मोकळ्या जागेतला हिशेब सोपा आहे. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतील हॅराल्ड फ्रीस यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती चौथाईवर येते, म्हणजे डेसिबल या मापात सांगायचे तर ६ डेसिबलने घटते. वायफायच्या वारंवारतांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झला पहिल्या मीटरातच सुमारे ४० डेसिबल जातात, ५ गिगाहर्ट्‌झला सुमारे ४६. घरात मात्र भिंती आडव्या येतात. १९८०च्या दशकाअखेरीस मॉटली आणि कीनन या संशोधकांनी सुचवलेला मार्ग असा : दोन टोकांमध्ये सरळ रेषा ओढायची, वाटेत लागलेल्या भिंती आणि मजले मोजायचे, प्रत्येकाची ठरावीक घट वजा करायची.

मजल्यांच्या बाबतीत ही बेरीज फसते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.१२३८ या शिफारशीत २ गिगाहर्ट्‌झच्या आसपास कार्यालयातील पहिल्या मजल्याची घट १५ डेसिबल धरली आहे, पण त्यापुढच्या प्रत्येक मजल्याची फक्त ४. दुसरा स्लॅब पातळ असतो असे नव्हे. लांबच्या मजल्यावर सिग्नल स्लॅब भेदून जाण्याऐवजी जिन्यातून, लिफ्टच्या पोकळीतून किंवा खिडकीबाहेर पडून समोरच्या इमारतीवर आपटून पोहोचतो. सरळ रेषेला या आडवाटा दिसत नाहीत. लांब पॅसेजमध्ये आणखी वेगळा प्रकार घडतो : दोन्ही बाजूंच्या भिंती लहरींना नळीसारख्या वाहून नेतात आणि घट मोकळ्या मैदानापेक्षाही कमी भरते.

आडवाटा पकडायच्या तर किरणांचा माग काढावा लागतो. प्रत्येक किरण कोणत्या भिंतीवर आपटला, किती परतला, किती आरपार गेला, याचा हिशेब ठेवावा लागतो. भिंती शेकड्यांनी असल्या की हे काम भलतेच वाढते. बेल लॅब्जमध्ये तयार झालेली ‘वाइझ’ ही प्रणाली या बाबतीत आजही अभ्यासण्यासारखी आहे. स्टीव्हन फॉर्च्यून, डेव्हिड गे, ब्रायन कर्निघन, ऑर्लँडो लँड्रॉन, रेनाल्डो व्हॅलेन्झुएला आणि मार्गारेट राइट यांनी १९९५ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. यांतले कर्निघन युनिक्स या संगणक-प्रणालीवरच्या कामामुळे संगणकवाल्यांच्या ओळखीचे, तर राइट या इष्टतमीकरणाच्या, म्हणजे सर्वांत चांगला पर्याय शोधण्याच्या गणिताच्या, गणितज्ञ. रेडिओच्या प्रश्नाला अशी माणसे एकत्र बसली हेच विशेष. ‘सिग्नल किती येईल’ एवढ्यावर न थांबता ‘यंत्र कुठे ठेवू’ हेही वाइझने संगणकाला विचारले. यंत्र हातभर सरकून एखाद्या दारासमोर आले की व्याप्ती एकदम उडी मारते. त्यामुळे उतार काढत शिखराकडे जाणाऱ्या नेहमीच्या गणिती पद्धती इथे अडखळतात. म्हणून नेल्डर-मीड धर्तीची, नुसत्या किमतींची तुलना करत सरकणारी शोधपद्धत वापरली गेली.

किरण कितीही बारकाईने मोजले तरी एका बिंदूवरचा नेमका आकडा मिळत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असते. परावर्तित लहरी एकमेकींत मिसळत असल्याने फोन वीतभर हलवला तरी सिग्नल बदलतो. म्हणून नकाशावर दाखवायची ती त्या परिसराची सरासरी.

खरी गोम भिंतींच्या माहितीत असते. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनमध्ये दोन-तीन डेसिबल जातात, काँक्रीटमध्ये त्याच्या कित्येक पट, तर उष्णता अडवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेली काच २० डेसिबलहूनही अधिक घट करू शकते. दिसायला मात्र ती साधी काचच! आपल्याकडे साडेचार इंची भिंत आणि नऊ इंची भिंत यांतला फरकही नोंदवावा लागतो. शिवाय मंजूर नकाशात असलेली गॅलरी प्रत्यक्षात कधीच आत घेतलेली असते. म्हणून अनुभवी नियोजक एक ॲक्सेस पॉइंट तिपाईवर उभा करतात, दोन-चार भिंतींच्या अल्याड-पल्याड मोजमाप घेतात आणि ते आकडे संगणकात भरतात.

नकाशा सगळा हिरवा झाला म्हणजे जाळे चांगले झाले, असे नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) नेहमीच्या मांडणीत तीनच : १, ६ आणि ११. ॲक्सेस पॉइंट दाटीने लावले की ते एकमेकांचीच वाट अडवतात. यंत्राची शक्ती वाढवूनही उपयोग मर्यादित, कारण फोनचे क्षीण उत्तर परत पोहोचायला हवे. गोदामांत आणखी एक अडचण येते : रिकाम्या गोदामात घेतलेले मोजमाप, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांनी रॅक छतापर्यंत भरल्यावर, जुळत नाही.