पार्श्वभूमी : बडोद्याच्या दोन चिमणाबाई

बडोद्यातल्या कर्तबगार स्त्रियांची छोटी चरित्रे लिहायला कुणी बसले की महाराणी चिमणाबाईंवर एक परिच्छेद ठरलेला असतो. रावपुऱ्यातला टॉवर, न्यायमंदिर, पडद्याचा त्याग, १९२७ ची महिला परिषद, सगळे एकीच्याच खात्यावर जमा. प्रत्यक्षात या दोन वेगवेगळ्या बायका. वास्तू पहिलीच्या स्मरणार्थ उभ्या राहिल्या आणि सार्वजनिक काम दुसरीने केले.

पहिल्या चिमणाबाई तंजावरच्या मोहित्यांच्या, माहेरच्या लक्ष्मीबाई. १८८० मध्ये सयाजीरावांशी त्यांचे लग्न झाले. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि साथीदारांचा ताफा आंदणात आला. बाईंना स्वतःला त्या नृत्याची आणि कर्नाटक संगीताची चांगली जाण होती. ताफ्यातली घराणी इथेच रुजली आणि पुढे त्याच परंपरेतला एक नर्तक विद्यापीठात शिकवू लागला. बडोद्यासारख्या गुजरातीभाषक मुलखात, मराठी दरबारात, तामिळ देशीचे नृत्य नांदले ते या लग्नामुळे. चरित्रात हे यायलाच हवे, आणि नेमके हेच गाळले जाते. १८८५ च्या मे महिन्यात, ऐन एकविशीत, बाई क्षयाने गेल्या. मागे युवराज फत्तेसिंहराव राहिले. १८९६ मध्ये त्यांच्या नावाने टॉवर झाला, न्यायमंदिर झाले. न्यायमंदिराच्या मधल्या दालनातला पुतळाही त्यांचाच. २०१८ मध्ये न्यायालय तिथून हलले, पण लोकांच्या तोंडी चौकाचे नाव तेच राहिले.

त्याच १८८५ च्या अखेरीस महाराजांचे दुसरे लग्न झाले. वधू देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. लग्नात नाव बदलण्याची आपली रीत जुनीच, पण इथे गेलेल्या राणीचेच नाव नव्या राणीला दिले गेले. घोळ सुरू झाला तो इथून. महाराजांना पहिल्या पत्नीची आठवण जपायची असेल, त्यात माया असेल, हे मान्य. तरीही या निर्णयाने दोघींवरही अन्याय केला असे मला वाटते. एकीची ओळख दगडी इमारतींपुरती उरली आणि दुसरीच्या कामावर त्या इमारतींची सावली पडली. कागदोपत्री ‘पहिल्या’ आणि ‘दुसऱ्या’ असे लिहितात, पण रिक्षावाल्यापासून शाळेच्या निबंधापर्यंत ते ‘पहिल्या-दुसऱ्या’ टिकत नाही. दुसऱ्या चिमणाबाईंनी स्थापलेल्या स्त्री उद्योगालयाचे नावही चिमणाबाईच. पाटी वाचणाऱ्याने काय समजावे?

दुसऱ्या चिमणाबाईंचे काम मोठे आहे. १९११ मध्ये भारतीय स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी एका सहलेखकाबरोबर इंग्रजी पुस्तक लिहिले. १९१४ मध्ये पडदा सोडला. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षा त्याच. संस्थानाची धोरणेही याच काळातली. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू झाले आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात आले. मुलींना ते पहिल्यापासून लागू होते, मात्र त्यांची सक्ती मुलांपेक्षा लवकर संपे. हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ चा.

त्यांची लेक इंदिराराजे कॉलेजात शिकलेली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेले लग्न तिने १९११ मध्ये स्वतः मोडले आणि १९१३ मध्ये लंडनमध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. आईवडील त्या लग्नाला गेले नाहीत. स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिणाऱ्या आईच्या घरातच ही परीक्षा आली, याचा उल्लेख गौरवपर लेखांत टाळतात. टाळू नये.

या दोघींच्याही आधीच्या जमनाबाई. त्यांचे पती महाराज खंडेराव १८७० मध्ये वारले तेव्हा त्या गरोदर होत्या. मुलगी झाली आणि गादी दिराकडे गेली. १८७५ मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युत केले. त्याच वर्षी मे महिन्यात जमनाबाईंनी कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला, तोच सयाजीराव. मांडवीतल्या दवाखान्याला त्यांचे नाव आहे.

संगीतात पहिले नाव येते हिराबाई बडोदेकरांचे. त्यांचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. बडोदे हे त्यांच्या आईचे, ताराबाई मान्यांचे. आईवडील वेगळे झाल्यावर मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही आणि हिराबाईंच्या नावामागे आजोळचे गाव आले.

स्वातंत्र्यानंतरचे बहुतेकांना ठाऊक आहे. १९४९ मध्ये विद्यापीठ झाले आणि बडोदे संस्थानाच्या दिवाणांची मुलगी हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसे’ हा बदल त्यांच्या आग्रहाने झाला होता. १९९१ मध्ये दूरदर्शनवर सीता झालेली अभिनेत्री बडोद्यातून लोकसभेत गेली. १९९८ पासून तीन निवडणुका एका महिला उमेदवाराने जिंकल्या आणि २०१४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा एक महिला निवडून आली.