पहिला नंबर, पण कुठल्या रस्त्यावर?

जुलैतली संध्याकाळ. पश्चिम द्रुतगती महामार्गावर अंधेरीच्या अलीकडे टॅक्सी अडकलेली. वायपर फिरला की समोर दोन पांढरे पट्टे दिसत: एक नवा, दुसरा जुना, अर्धवट खरवडलेला, नव्याला तिरका छेदून गेलेला. विचारलं, "काका, आपण नक्की कुठल्या लेनमध्ये?"

"पट्टे कसले बघताय साहेब, पुढची बस बघा!"

विनाचालक गाडीचं एवढ्यावर भागत नाही. कॅमेऱ्यातून लेन ओळखणाऱ्या एआय मॉडेलची परीक्षा घ्यावीच लागते, आणि पेपर काढणं हेच अवघड काम. नुसते पिक्सेल मोजले तर फसगत ठरलेली. फोटोत पट्टे एवढीशीच जागा व्यापतात, त्यामुळे 'पट्टा नाहीच' असं म्हणत बसणारं मॉडेलही नव्वदीपार जाईल.

टूसिंपल ही २०१७ची परीक्षा अमेरिकेतल्या महामार्गांवरची. माणसाने आखलेल्या रेषेपासून साधारण २० पिक्सेलच्या आत मॉडेलचा बिंदू पडला, की बरोबर. गोम इथेच आहे. बॉनेटसमोर साडेतीन मीटरची लेन समजा ७०० पिक्सेल रुंद दिसली, तर २० पिक्सेल म्हणजे १० सेंटिमीटर. लांबवर तीच लेन ७० पिक्सेलची उरते आणि तीच सूट होते १ मीटर. मुंबईत तेवढ्या फटीत रिक्षाचं तोंड घुसलेलं असतं!

एससीएनएन नावाचं मॉडेल टूसिंपलमध्ये ९६.५३ टक्क्यांनी पहिलं आलं. बीजिंगच्या रस्त्यांवरच्या सीयूलेन परीक्षेत, तिथल्याच चित्रांवर शिकूनही, त्याला मिळाले शंभरपैकी ७१.६. ही परीक्षा सुटलेल्या रेषांबरोबर उगाच आखलेल्या रेषांचेही गुण कापते. पण मी एकूण गुण बघतच नाही, विभागवार बघतो: साधा रस्ता ९०.६, रात्र ६६.१ आणि पट्टेच दिसत नाहीत असा रस्ता ४३.४. चौकाचा विभाग तर भन्नाट. तिथे काहीच न आखणं हेच बरोबर उत्तर. एससीएनएनने तिथे नसलेल्या १९९० रेषा आखल्या.

आता आपला पाऊस. पट्ट्याच्या रंगात काचेचे बारीक मणी असतात, ते हेडलाइटचा प्रकाश गाडीकडे परत धाडतात. मण्यांवर पाणी साचलं की प्रकाश आरशावर पडल्यासारखा पुढे निघून जातो, पट्टा विझतो आणि ओल्या डांबरावर दुकानांचे दिवे मात्र लांबलचक रेघा ओढतात. सीयूलेनच्या नऊ विभागांत पावसाचा वेगळा विभाग नाही. खरवडलेल्या जुन्या पट्ट्यांचा तर नाहीच नाही.