लिनक्स टाकणं एकदाच, सेटिंग रोजचं

लॅबमधल्या चाळीस मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची तर चाळीस वेळा पेन ड्राइव्ह लावत बसायची गरज नसते. लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात ‘किकस्टार्ट’ नावाची फाइल असते, डेबियन या दुसऱ्या प्रकारात ‘प्रीसीड’. डिस्कचे भाग कसे पाडायचे, टाइमझोन कोणता, रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) पासवर्ड काय, या इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं तीत आधीच लिहून ठेवायची. मशीन नेटवर्कवरून बूट होतं आणि चहा पिऊन येईपर्यंत तयार असतं.

घोळ होतो तो किकस्टार्टच्या ‘पोस्ट’ या भागात. इन्स्टॉल संपता संपता चालवायच्या कमांड तिथे लिहिता येतात, आणि सोय आहे म्हटल्यावर लोक सगळंच तिथे लिहितात: प्रिंटर, फायरवॉल, युजर, घड्याळ. मी काम करत होतो त्या लॅबमध्येही हेच झालं. जानेवारीत बसवलेल्या मशीनना जानेवारीची स्क्रिप्ट मिळाली, जूनमध्ये बसवलेल्यांना सुधारलेली. जुन्या मशीनवर ती सुधारणा हाताने करायची राहून गेली. वर्षभरात बाहेरून सारखी दिसणारी मशीन आतून वेगळी झाली. काहींवर मधूनच लॉगिन होईना, शेजारच्याच मशीनवर मात्र होई. कारण शोधण्यात आठवडा गेला.

शिवाय ‘पोस्ट’ चालतं तेव्हा नवी सिस्टीम सुरूच झालेली नसते, कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, इन्स्टॉलरचा असतो. त्यामुळे डेटाबेस सुरू करून त्यात टेबल बनवण्यासारखी कामं तिथे फसतात. एखादी कमांड फसली तर थांब, असं मुद्दाम लिहून ठेवलं नसेल तर इन्स्टॉलर तसाच पुढे जातो आणि शेवटी सगळं नीट झाल्याचं सांगतो.

म्हणून माझं मत ठाम आहे. नंतर बदलायला अवघड तेवढंच इन्स्टॉलरला द्यावं: डिस्कचे भाग, एन्क्रिप्शन, नेटवर्क, दुरून आत शिरायला एसएसएचची किल्ली. बाकी सगळं वेगळ्या साधनाकडे.

अशा साधनांची वाट मार्क बर्जेस यांनी दाखवली. 1993 मध्ये ऑस्लो विद्यापीठाच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्र विभागातल्या वर्कस्टेशन सांभाळण्यासाठी त्यांनी ‘सीएफइंजिन’ लिहिलं. पुढे 2005 मध्ये ‘पपेट’ आलं, 2012 मध्ये ‘अॅन्सिबल’. या साधनांना काय करायचं ते सांगत नाहीत, मशीन कसं असायला हवं ते सांगतात. लागलेला दिवा बंद करायला ‘बटण दाब’ असं दोनदा सांगितलं तर तो पुन्हा लागतो. ‘दिवा बंद असू दे’ हे कितीही वेळा सांगा, दिवा बंदच राहतो. स्क्रिप्टमध्ये ‘होस्ट्स फाइलीत (मशीनची नावं आणि पत्ते असतात तीत) ही ओळ जोड’ लिहिलं आणि ती दोनदा चालली, तर ओळ दोनदा येते. ‘ही ओळ असलीच पाहिजे’ म्हटलं तर साधन आधी बघतं आणि नसेल तरच लिहितं. या गुणाला ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. हा शब्द गणितज्ञ बेंजामिन पर्स यांनी 1870 मध्ये बीजगणितासाठी घडवला होता.

या गुणामुळेच तीच फाइल आज बसवलेल्या मशीनवरही चालते आणि तीन वर्षं जुन्या मशीनवरही, आणि पुन्हा पुन्हा चालवायला भीती वाटत नाही. पपेट तर नेहमीच्या सेटिंगमध्ये दर 30 मिनिटांनी मशीन तपासतं.

आम्ही अॅन्सिबल घेतलं आणि सुरुवात केली घड्याळापासून: वेळ जुळवणारा ‘क्रोनी’ प्रोग्राम प्रत्येक मशीनवर चालू असलाच पाहिजे, आणि त्याचा टाइम सर्व्हर अमुकच असला पाहिजे. पहिल्या फेरीत अकरा मशीनच्या नावांसमोर पिवळ्या अक्षरांत ‘चेंज्ड’, म्हणजे ‘बदल करावा लागला’, असं आलं. अकराही मशीन जूनआधीची होती. आमचं लॉगिन ‘कर्बेरॉस’ या ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेवर चालायचं, आणि त्यात घड्याळ सहसा पाच मिनिटांहून जास्त चुकलेलं चालत नाही. आठवडाभर जे शोधत होतो ते त्या अकरा ओळींत होतं. लगेच दुसरी फेरी चालवली. चाळीसही नावांसमोर ‘चेंज्ड’चा आकडा 0 होता.