रात्रीचे चूर्ण आणि मोठ्या आतड्यातले पाणी

‘गोळ्यांची सवय लागते, म्हणून मी फक्त आयुर्वेदिक चूर्ण घेतो,’ असे सांगणारी माणसे आपल्याला सर्वत्र भेटतात. रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर चमचाभर चूर्ण घ्यायचे आणि सकाळी पोट साफ, असा हा नेम असतो. डबीवरची घटकांची यादी वाचली, तर पुष्कळ चूर्णांत सोनामुखीची पाने आढळतात. काही डब्यांवर हीच वनस्पती सनाय किंवा स्वर्णपत्री या नावाने छापलेली असते. सोनामुखी आणि औषधांच्या दुकानात मिळणारी बिसाकोडिलची गोळी यांचे काम मोठ्या आतड्यात इतके सारखे चालते, की एकीला निरुपद्रवी आणि दुसरीला घातक ठरवायला शास्त्रीय आधार नाही. रेचकांची तुलना करायचीच, तर ती आतड्यातल्या पाण्याचे काय करतात यावरून करावी.

लहान आतड्यात दिवसाकाठी सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातला साधारण २ लिटर खाण्यापिण्यातून येतो, तर उरलेला लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव यांतून येतो. यातला बहुतेक भाग लहान आतडेच परत शोषून घेते. सुमारे दीड लिटर मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि शेवटी विष्ठेबरोबर जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. मळ मोठ्या आतड्यात जितका अधिक रेंगाळतो, तितके त्यातले पाणी शोषले जाते आणि तो खड्यासारखा कठीण होतो.

इसबगोल या शोषणाला सौम्यपणे अडवतो. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशात पिकणाऱ्या या बियांच्या भुशीत अरॅबिनोझायलन नावाची शर्करासाखळी असते. पेल्यातल्या पाण्यात चमचाभर भुसी टाकून ठेवली, तर काही मिनिटांतच ती फुगून बुळबुळीत होते. आतड्यातले जिवाणू हा लगदा फारसा पचवू शकत नाहीत, त्यामुळे त्याने धरलेले पाणी शेवटपर्यंत टिकते. परिणाम दिसायला मात्र एक ते तीन दिवस लागतात, आणि भरपूर पाणी न पिता भुसी घेतली तर ती घशात किंवा आतड्यात अडकू शकते.

लॅक्टुलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया हा दुसरा गट. हे पदार्थ आतड्यात फारसे शोषले जात नाहीत आणि परासरणाने, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाकडे पाणी ओढले जाण्याच्या क्रियेने, पाणी आपल्याबरोबर राखून ठेवतात. लॅक्टुलोजवर जिवाणू ताव मारतात, म्हणून त्याने पोटात गॅस धरतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉल जिवाणूंना पचत नाही, त्यामुळे तो त्रास कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मॅग्नेशियमयुक्त औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण न निघालेले मॅग्नेशियम रक्तात साठते.

सोनामुखीची कार्यपद्धती मात्र सविस्तर पाहण्यासारखी आहे. तिच्या पानांतील सेनोसाइड हे रेणू स्वतः जवळजवळ निष्क्रिय असतात. त्यांना जोडलेला ग्लुकोज ज्या बंधाने बांधलेला असतो, तो बंध तोडणारे विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नाही, म्हणून ते न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातात. तेथील जिवाणू हा बंध तोडतात आणि रेणूचे क्षपण (म्हणजे त्यात इलेक्ट्रॉनांची भर घालणारी रासायनिक क्रिया) करून ऱ्हाइन अँथ्रोन तयार करतात. खरे रेचक हेच. रात्री घेतलेल्या चूर्णाचा परिणाम सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी दिसतो, तो या प्रवासामुळे. पेशींच्या आवरणात पाणी ये-जा करण्यासाठी ॲक्वापोरिन नावाची प्रथिने असतात, ज्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जपानी संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ऱ्हाइन अँथ्रोनमुळे आतड्याच्या अस्तरातील महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज, रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशी) प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा संदेशवाहक रेणू सोडतात, त्यामुळे मोठ्या आतड्यातील ॲक्वापोरिन-३ चे प्रमाण घटते आणि पाणी रक्ताकडे परत जाण्याची वाट अरुंद होते. बिसाकोडिलपासून आतड्यात तयार होणाऱ्या सक्रिय रेणूनेही त्याच प्राण्यांत हीच साखळी सुरू झाली. शिवाय दोन्ही औषधे आतड्याच्या स्नायूंची हालचाल वाढवतात. पोटात येणारी कळ त्यामुळेच असते. बिसाकोडिलच्या गोळीवरचे आवरण जठरात विरघळू नये असे बनवलेले असते, म्हणून ती दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेऊ नये.

अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये दिलेल्या संयुक्त मार्गदर्शनात, दीर्घकालीन बद्धकोष्ठासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची जोरदार शिफारस आहे, तर इसबगोलासारखे तंतू, लॅक्टुलोज आणि सोनामुखी यांची शिफारस पुरावा तुलनेने कमी असल्याने सशर्त आहे. माझ्या मते साध्या त्रासात पाणी आणि इसबगोलापासून सुरुवात करावी, त्याने भागले नाही तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल घ्यावे, आणि सोनामुखी किंवा बिसाकोडिल अधूनमधून, अडल्या वेळेसाठी राखून ठेवावे.

कारण सवयीचे मूळ बहुधा येथे असते. जोरदार रेचकाने मोठे आतडे बरेच रिकामे झाल्यावर पुन्हा भरायला एक-दोन दिवस लागतात, आणि तेवढा काळ शौचास न होणे स्वाभाविक आहे. मनुष्य मात्र त्यालाच बद्धकोष्ठ समजतो आणि पुन्हा चमचा उचलतो. असे महिनोन्‌महिने चालले, मात्रा वाढत गेली, तर जुलाबांवाटे पोटॅशियम कमी होऊन अशक्तपणा येतो आणि हृदयाची लयही बिघडू शकते. वास्तविक दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत शौचास होणे सर्वसाधारण मानले जाते.

‘आतड्याला वर्षानुवर्षे चिकटलेला विषारी मळ’ काढून टाकण्याच्या जाहिराती या भीतीवरच पोसल्या जातात. असा थर दुर्बिणीने आतडे तपासताना दिसत नाही, आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांतच बदलत असतात. याच कल्पनेपोटी विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे नामवंत शल्यविशारद आर्बथनॉट लेन रुग्णांची मोठी आतडी काढून टाकत असत. पुढे तो सिद्धान्त टिकला नाही.

बद्धकोष्ठाचे कारण कधीकधी घरातल्याच औषधांत असते. लोहाच्या गोळ्या, कोडीनयुक्त औषधे आणि रक्तदाबावरील काही गोळ्या त्याला कारण होतात. विष्ठेतून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर दुकानातून औषध आणण्याआधी तपासणी करून घ्यावी. पोट फुगले आहे, ओकाऱ्या होत आहेत आणि वारासुद्धा सरत नाही, अशी स्थिती आतड्यातील अडथळ्याची असू शकते. तेव्हा कोणतेही रेचक न घेता थेट रुग्णालयात जावे.