वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाचा १९७४-७५ चा हंगाम

वॉशिंग्टन कॅपिटल्स या अमेरिकी व्यावसायिक आइस हॉकी संघाचा नॅशनल हॉकी लीगमधील, म्हणजेच एनएचएलमधील, पहिला हंगाम. ऑक्टोबर १९७४ ते एप्रिल १९७५ या काळात खेळलेल्या ८० सामन्यांपैकी संघाने ८ जिंकले, ६७ गमावले आणि ५ बरोबरीत सोडवले. विजयाला दोन आणि बरोबरीला एक या हिशेबाने त्याच्या पदरात २१ गुण पडले. मिळू शकणाऱ्या १६० गुणांशी हे प्रमाण १३.१ टक्के भरते, आणि किमान ७० सामन्यांच्या हंगामात लीगमधील एकाही संघाने याहून कमी प्रमाण नोंदवलेले नाही. संघाने १८१ गोल केले व ४४६ गोल स्वीकारले. नव्या संघाकडून विजेतेपदाची अपेक्षा कोणी करत नाही. तरीही इतक्या पराभवांची तयारी संघाच्या मालकापासून प्रेक्षकांपर्यंत कोणाचीच नव्हती.

या हंगामाची आठवण बहुधा विनोदाच्या अंगाने सांगितली जाते आणि त्यात खेळाडूंची टर उडवली जाते. ते फारसे न्यायाचे नाही, कारण अपयशाचा मोठा भाग पहिला सामना सुरू होण्याआधीच ठरून गेला होता. १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये सहाच संघ होते. त्या वर्षी ही संख्या एकदम दुप्पट झाली, १९७० मध्ये ती १४ वर व १९७२ मध्ये १६ वर गेली आणि १९७४ मध्ये वॉशिंग्टन व कॅन्सस सिटी यांच्या प्रवेशाने १८ झाली. याच सुमारास, १९७२ मध्ये, वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली होती. तिने जास्त पैसे देऊन शिकागोच्या बॉबी हलसारखे आघाडीचे खेळाडू आपल्याकडे ओढले आणि १९७४-७५ मध्ये तिच्यातही १४ संघ होते. जेथे सात वर्षांपूर्वी वरच्या दर्जाचे सहा संघ होते, तेथे आता दोन्ही लीग मिळून ३२ संघांना खेळाडू पुरवायचे होते. युरोपातील खेळाडूंना उत्तर अमेरिकेचे दार तेव्हा जेमतेम किलकिले झाले होते, त्यामुळे हा सारा भार जवळजवळ एकट्या कॅनडावर पडत होता.

संघाचे मालक एब पॉलिन हे बांधकाम व्यवसायातले गृहस्थ. बास्केटबॉलचा बुलेट्स संघही त्यांचाच होता. त्यांनी वॉशिंग्टनच्या वेशीवर, मेरीलँड राज्यातील लँडोव्हर येथे, कॅपिटल सेंटर हे बंदिस्त क्रीडागृह बांधले व ते डिसेंबर १९७३ मध्ये खुले झाले. एवढ्या मोठ्या वास्तूला एकट्या बास्केटबॉलचा आधार पुरणारा नव्हता. लीगमध्ये प्रवेशासाठी ६० लाख डॉलर शुल्क होते. जनरल मॅनेजर म्हणून मिल्ट श्मिट यांची नेमणूक झाली. ते बोस्टन ब्रुइन्सचे गाजलेले खेळाडू होते आणि त्याच संघाचे प्रशिक्षक व जनरल मॅनेजरही राहिलेले होते. नवख्या संघाला याहून वजनदार नाव मिळणे कठीण होते.

जून १९७४ मध्ये नव्या संघांसाठी खेळाडूंची निवड झाली. तिला एक्सपान्शन ड्राफ्ट म्हणतात. जुन्या १६ संघांपैकी प्रत्येकाला दोन गोलरक्षक आणि इतर १५ खेळाडू राखून ठेवण्याची मुभा होती, आणि त्यांच्यापलीकडे जे उरतील त्यांच्यातून दोन्ही नव्या संघांनी प्रत्येकी २४ जण उचलायचे होते. सामन्यात प्रत्यक्ष उतरणाऱ्या खेळाडूंची संख्या साधारण या राखलेल्यांएवढीच असल्याने नव्या संघांच्या वाट्याला जुन्यांचे राखीव, दुखापतग्रस्त, उतारवयाला लागलेले किंवा दुय्यम लीगमध्ये खेळणारे खेळाडू आले. लास व्हेगासचा संघ २०१७ मध्ये लीगमध्ये आला तेव्हा जुन्या संघांना जास्तीत जास्त ११ खेळाडू राखता येत होते. तो संघ पहिल्याच हंगामात ५१ सामने जिंकून अंतिम फेरीत पोचला. शुल्क ५० कोटी डॉलरवर गेले होते आणि एवढे पैसे मोजणाऱ्याला गाळसाळ देणे लीगला शक्य नव्हते. त्या अंतिम फेरीत व्हेगासला हरवून आपला पहिला स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, जिंकणारा संघ वॉशिंग्टनचा होता, हा योगायोग हॉकीप्रेमी आवर्जून सांगतात.

मात्र सगळा दोष नियमांवर टाकूनही भागत नाही. त्याच ड्राफ्टमधून, त्याच नियमांनी उभ्या राहिलेल्या कॅन्सस सिटी स्काउट्सने १५ सामने जिंकून ४१ गुण मिळवले. दोन्ही संघांचे आकडे शेजारी ठेवले की फरक कोठे पडला ते कळते. कॅन्सस सिटीने १८४ गोल केले, वॉशिंग्टनने १८१. म्हणजे आक्रमणात दोघे सारखेच दुबळे होते. स्वीकारलेले गोल मात्र कॅन्सस सिटीचे ३२८ आणि वॉशिंग्टनचे ४४६ होते. सामन्यामागे साडेपाचांहून अधिक गोल खाणाऱ्या संघाला कोणत्याही आक्रमणाने तारले नसते, त्यामुळे वॉशिंग्टनच्या हंगामाची चर्चा ही मुळात त्याच्या बचावफळीची चर्चा आहे.

ही फळी उभारण्यासाठीच श्मिट यांनी त्या वर्षीच्या नवोदितांच्या ड्राफ्टमधील पहिली निवड ग्रेग जॉली या बचावपटूवर खर्च केली होती. हा ड्राफ्टही चमत्कारिक होता. प्रतिस्पर्धी लीगला सुगावा लागू नये म्हणून तो दूरध्वनीवरून, गुप्तपणे, तीन दिवस चालला. त्या रटाळ प्रकाराला कंटाळून बफेलो संघाने अस्तित्वातच नसलेल्या एका जपानी खेळाडूचे नाव अकराव्या फेरीत पुढे केले आणि लीगने ते अधिकृतपणे नोंदवूनही घेतले. जॉली मात्र खरा होता आणि त्याची कीर्तीही खरी होती. त्याच वर्षी रेजायना पॅट्स या कुमार संघाने मेमोरियल चषक जिंकला तेव्हा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला होता. परंतु कुमार गटातून आलेल्या पोराला अनुभवी सोबत्याशिवाय थेट लीगच्या आघाडीच्या आक्रमकांसमोर उभे केले तर जे व्हायचे तेच झाले; दुखापती झाल्या, ४४ सामनेच खेळता आले आणि १९७६ मध्ये त्याची रवानगी डेट्रॉइटला झाली. चौथ्या क्रमांकावर निवडलेला क्लार्क गिलीज आणि बाविसाव्या क्रमांकावरचा ब्रायन ट्रॉटिए हे दोघेही न्यूयॉर्क आयलंडर्सकडे गेले आणि पुढे त्या संघाच्या सलग चार अजिंक्यपदांचे आधारस्तंभ ठरले. दुसऱ्या फेरीतील निवड माइक मार्सन याने पदार्पणात १६ गोल केले. विली ओ'री याच्यानंतर एनएचएलमध्ये खेळलेला तो दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू होय.

९ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेंजर्सविरुद्ध संघाने पहिला सामना ६–३ असा गमावला. १५ तारखेला घरच्या प्रेक्षकांसमोर लॉस एंजेलिस किंग्जशी १–१ अशी बरोबरी झाली आणि दोनच दिवसांनी शिकागोला ४–३ असे हरवून पहिला विजय मिळाला. ही सुरुवात फसवी निघाली. प्रशिक्षक जिम अँडरसन यांच्या हाताखाली ५४ सामन्यांत ४ विजय मिळाले. त्यांच्या जागी आलेल्या रेड सलिव्हन यांना १८ सामन्यांत दोनच जिंकता आले, आणि अखेरच्या आठ सामन्यांसाठी श्मिट स्वतःच प्रशिक्षक म्हणून बाकामागे उभे राहिले. १८ फेब्रुवारी ते २६ मार्च या काळात संघ लागोपाठ १७ सामने हरला. गटही सोपा नव्हता: नॉरिस विभागात ११३ गुण मिळवणारा माँट्रियल आणि १०५ गुणांचा लॉस एंजेलिस हे संघ होते, आणि तळाहून दुसरा असलेला डेट्रॉइटदेखील वॉशिंग्टनपेक्षा ३७ गुणांनी पुढे होता.

या पराभवांचा हिशेब व्यक्तींच्या नावावर कसा चढला, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. आठही विजयांची नोंद रॉन लो या गोलरक्षकाच्या नावावर आहे. दुसरा गोलरक्षक मिशेल बेल्युमर ३५ सामन्यांत उतरला, त्यांपैकी २४ पराभव आणि ३ बरोबरी त्याच्या खात्यावर पडल्या आणि विजय एकही नाही. याच बेल्युमरने शिकागोविरुद्ध एकाच सामन्यात दोन पेनल्टी शॉट अडवले होते. पेनल्टी शॉटमध्ये आक्रमक आणि गोलरक्षक या दोघांशिवाय मध्ये कोणी नसते. ज्याला तो दोनदा अडवता येतो त्याला गोलरक्षण येत नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरे उदाहरण बचावपटू बिल मिकेल्सनचे. आइस हॉकीत प्रत्येक खेळाडूचा अधिक-उणे असा एक आकडा ठेवतात. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर त्याला अधिक एक आणि गोल स्वीकारला तर उणे एक मिळतो; प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना, म्हणजे संख्याबळाच्या जोरावर, केलेले गोल यात धरत नाहीत. मिकेल्सनचा त्या हंगामाचा आकडा ५९ सामन्यांत उणे ८२ आहे. लीगच्या इतिहासातील हा नीचांक असून तो आजही मोडलेला नाही. मात्र हा आकडा खेळाडूइतकाच त्याच्याबरोबर बर्फावर असलेल्या चार सोबत्यांचा आणि त्याला कोणासमोर उभे केले गेले याचाही असतो. दर्जा खालावलेला बचावपटू फार तर बाहेर बसवला जातो आणि त्याच्या नावावरचे उणे तेथेच थांबते. येथे बसवण्याजोगा पर्यायच नव्हता. मिकेल्सनची मुलगी मेगन हिने पुढे कॅनडाच्या महिला संघातून २०१० आणि २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली.

आक्रमणात ५८ वैयक्तिक गुणांसह (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेले साहाय्य मिळून) टॉमी विल्यम्स आघाडीवर राहिला. तो १९६० मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी संघात होता. कर्णधार डग मोन्सने हंगामाच्या मध्यात वयाची ४१ वर्षे पूर्ण केली.

परक्या रिंकवरची, म्हणजे दुसऱ्यांच्या बर्फाच्या मैदानावरची, कामगिरी हा या हंगामातील सर्वांत काळा भाग होय. ९ ऑक्टोबरपासून पहिले ३७ बाहेरचे सामने संघाने एकामागून एक गमावले. त्यांत एक बरोबरीसुद्धा नव्हती. अखेर २८ मार्च १९७५ रोजी ओकलंड येथे कॅलिफोर्निया गोल्डन सील्सला ५–३ असे हरवून ही मालिका तुटली. सामना संपल्यावर विल्यम्सने कचऱ्याचा डबा उचलला आणि जणू तो स्टॅन्ली चषकच आहे अशा थाटात खेळाडूंनी तो मिरवला. नंतर त्यावर सह्याही झाल्या. स्वतःची टवाळी दुसऱ्याने करण्याआधी आपणच करून घेण्याचा हा प्रकार होता, आणि पाच महिने एकत्र हरलेल्या संघात एवढी खेळकरपणाची शिल्लक असावी हेच विशेष आहे. उरलेले दोन्ही बाहेरचे सामने त्यांनी पुन्हा गमावले. ६ एप्रिलला घरच्या रिंकवर पिट्सबर्गवर ८–४ असा विजय मिळाला व स्टॅन गिल्बर्टसनने त्यात चार गोल केले.

पुढच्या हंगामातही संघाने ११ सामनेच जिंकले आणि मध्ये लागोपाठ २५ सामने त्याला विजय मिळाला नाही. त्या हंगामातच श्मिट यांना पद सोडावे लागले. प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदासाठी साखळीनंतर होणाऱ्या फेऱ्यांमध्ये, पोचायला १९८३ उजाडले, आणि त्याच्या आदल्या वर्षी तर संघ वॉशिंग्टनमध्ये टिकणार की नाही हा प्रश्न होता व संपूर्ण हंगामाची तिकिटे खपवण्यासाठी शहरात मोहीम काढावी लागली होती. कॅन्सस सिटीचा संघ खेळात सरस ठरूनही दोन वर्षांत डेन्व्हरला आणि १९८२ मध्ये तेथून न्यू जर्सीला हलला. वॉशिंग्टनचा संघ जागचा हलला नाही, कारण त्याच्या मालकाला आपले क्रीडागृह भरायचे होते. पहिल्या हंगामातील बचावपटू इव्हॉन लाब्रे याचा जर्सीवरचा ७ क्रमांक संघाने पुढे सन्मानाने निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कोणाला द्यायचा नाही असे ठरवले.

१९९२-९३ मध्ये सामन्यांची संख्या ८४ झाल्यावर सॅन होजे संघाने ७१ पराभवांसह वॉशिंग्टनचा ६७ चा आकडा मागे टाकला, सलग १७ पराभवांची बरोबरी केली, आणि त्याच हंगामात ओटावाने बाहेरच्या सलग पराभवांचा आकडा ३८ वर नेला. परंतु ४४६ स्वीकारलेले गोल आणि १३.१ टक्के गुण हे दोन नीचांक कायम आहेत. दुसरा तर पुढेही टिकण्याची शक्यता अधिक आहे, कारण आताच्या पद्धतीत जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठी आळीपाळीने मारल्या जाणाऱ्या पेनल्टी शॉटसारख्या फटक्यांत, हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळतो. १९७४-७५ मध्ये साखळी सामन्यांत जादा वेळच नव्हता आणि पराभवाच्या बदल्यात काहीच मिळत नव्हते.