भिंतीतलं मीठ आणि आपली घाई

दोन महिने मुलीकडे राहून आम्ही परतलो. कुलूप निघालं, पण दार निघेना. चौकटीत इतकं घट्ट बसलं होतं की खांदा लावावा लागला. आत कुबट वास, न्हाणीघरातून त्याहून वाईट वास, स्वयंपाकघरातला नळ टिपटिपतोय, आणि बाहेरच्या खोलीत जमिनीपासून कमरेपर्यंत ओलीचा नकाशा. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "घराला माणसाची ऊब लागते गं, बंद घर झिजतंच."

संध्याकाळपर्यंत नवऱ्याने कागदावर अकरा कामं लिहून काढली आणि घर वाळावं म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडून पंखे पाचवर टाकले. दुसऱ्या दिवशी ओलीच्या कडेने पांढरी लव फुटली. चौथ्या दिवशी गिलाव्याचे पोपडे जमिनीवर पडले. "बघ, दोन महिन्यांत भिंतीची काय अवस्था झाली!" असं तो म्हणाला, आणि तिथे मी अडले. हे दोन महिन्यांत झालेलं नव्हतं. चार दिवसांत झालं होतं, आणि आपणच केलं होतं.

आधी किरकोळ कामं उरकते. न्हाणीघरातल्या जाळीखाली नळीचं एक वळण असतं. त्यात साधारण पाच सेंटिमीटर पाणी अडून राहतं आणि गटारातली हवा वर येऊ देत नाही. ही युक्ती 1775 साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट केली. घर बंद असलं की ते पाणी वाफ होऊन उडून जातं आणि वाट मोकळी होते. तांब्याभर पाणी ओता, वास बंद. पुढच्या वेळी जाताना वर चमचाभर तेल सोडा, म्हणजे पाणी लवकर उडणार नाही. टिपटिपणाऱ्या नळाचा रबरी वॉशर एकाच जागी दाबून राहून चपटा झालेला असतो. तो बदलायचा, त्यात सांगण्यासारखं विज्ञान नाही. दाराकडे मी शेवटी येते.

आता भिंत. वीट आणि गिलावा आपल्याला भरीव वाटतात, पण ते बारीक छिद्रांचं जाळं असतं. अशा छिद्रांत पाणी आपोआप चढतं, हे केशाकर्षण शाळेत शिकलेलं असतं. नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच, हा नियम जेम्स ज्युरिनने 1718 मध्ये मांडला. एक मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी दीड सेंटिमीटर चढतं. त्रिज्या एक मायक्रोमीटर केली तर हिशेबाने 15 मीटर! मग ओल पाचव्या मजल्यापर्यंत का जात नाही? कारण चढणारं पाणी वाटेत भिंतीच्या पृष्ठभागावरून उडत राहतं. खालून येणारं आणि बाजूने उडणारं जिथे सारखं होतं, तिथे ओलीची रेघ थांबते. घर बंद केलं की आतली हवा दमट होते, उडणं मंदावतं आणि रेघ वर सरकते. काकूंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकंच. ऊब नव्हे, वारा हवा होता.

पण पोपडे निव्वळ पाण्याने पडत नाहीत. ते मिठाने पडतात. विटा, वाळू, सिमेंट, जमिनीतलं पाणी या सगळ्यांत थोडे थोडे क्षार असतात: क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट. पाणी त्यांना उचलून आणतं आणि स्वतः उडून जातं. मागे जी पांढरी लव उरते तिला आपल्याकडे लोणा म्हणतात. पुष्कळजण तिला बुरशी समजतात. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. विरघळली तर मीठ, तशीच राहिली तर बुरशी.

साध्या मिठाचा एक आकडा मला फार आवडतो: 75. हवेची सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, खाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. (घरातली 'नकारात्मक ऊर्जा' शोषायला कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवणारे, चार दिवसांनी ओलं झालेलं मीठ पुरावा म्हणून दाखवतात. त्या वाटीने आर्द्रता मोजली, एवढंच.) म्हणजे बंद, दमट घरात भिंतीतलं मीठ बहुतांशी द्रावणातच होतं. कुणाला इजा करत नव्हतं. आम्ही आलो, खिडक्या उघडल्या, पंखे सोडले आणि त्याला 75 च्या खाली ढकललं.

आता माझ्या जिवाभावाचा भाग. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा एवढं सहन करा. सर्वसाधारण समज असा की पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो, तसंच मीठही फुगत असेल. तसं नाही. मिठाचा स्फटिक ज्या द्रावणातून तयार होतो त्याहून खूप कमी जागा घेतो. मग तो भिंत फोडतो कसा? वाढता वाढता छिद्राच्या भिंतीला टेकल्यावर तो थांबायला हवा, पण थांबत नाही. कारण स्फटिक आणि छिद्राची भिंत यांच्यामध्ये द्रावणाचा अतिशय पातळ पापुद्रा शिल्लक राहतो. त्यातून नवे आयन, म्हणजे मिठाचे विद्युतभारित कण, येऊन स्फटिकाच्या टेकलेल्या बाजूवरसुद्धा थर चढवत राहतात, आणि स्फटिक भिंतीला ढकलतो. 1905 मध्ये बेकर आणि डे या दोघांनी तुरटीच्या स्फटिकावर एक किलोचं वजन ठेवलं आणि वाढता स्फटिक ते वजन उचलतो हे दाखवलं. अंतर मिलिमीटरचा अंश, पण उचललं!

हा जोर येतो अतिसंपृक्ततेतून, म्हणजे द्रावणात मावण्याहून जास्त मीठ असण्यातून. दाब त्या जादा प्रमाणाच्या लॉगॅरिथमच्या पटीत वाढतो. साध्या मिठासाठी गणित मांडलं तर नुसत्या 10 टक्के जादा मिठालाही दहा मेगापास्कलच्या पुढचा दाब निघतो. दहा मेगापास्कल म्हणजे एक किलोमीटर खोल पाण्याखालचा दाब. प्रत्यक्षात तो टिकत नाही, कारण स्फटिक वाढताच जादा मीठ संपत येतं. पण साधा गिलावा ताणाखाली एक-दोन मेगापास्कललाच हार मानतो, त्यामुळे त्याला थोडंही पुरतं. सोडियम सल्फेट तर आणखी वस्ताद. 32.4 अंश सेल्सिअसच्या खाली ते पाण्याचे दहा रेणू कवेत घेऊन बसतं आणि कोरड्या रूपाच्या सुमारे चौपट जागा व्यापतं. कोरडं झालेलं सल्फेट पुन्हा भिजलं की आधी विरघळतं आणि मग या जाड्या रूपात एकदम बाहेर पडतं. दगडी इमारती खाण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. इथवर वाचताना डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पुढे अडणार नाही.

मुद्दा आहे तो स्फटिक कुठे होतात याचा. सावकाश वाळलं तर आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत पोचत राहतं आणि मीठ बाहेर, हवेत फुलतं. ते दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. पंख्याचा झोत लावला की पृष्ठभाग पुरवठ्याच्या आधीच कोरडा पडतो, उडण्याची जागा गिलाव्याच्या आत सरकते आणि स्फटिक तिथे, बंद छिद्रांत वाढतात. मग पोपडा. वर तैलरंग फासला तर तेच होतं, फक्त रंगाच्या मागे. 'ओल कायमची बंद' म्हणणारे रंग ओल बंद करत नाहीत, तिचं तोंड बंद करतात. ती दुसरीकडून बोलते.

म्हणून आमच्या यादीत बदल झाले. पंखे बंद, खिडक्या बोटभर उघड्या. लोणा कोरड्या मऊ ब्रशने झाडून सुपलीत घेतला. ओलं फडकं मारायचं नाही, नाहीतर तेच मीठ विरघळून परत आत जातं. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकली आणि भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवला. पाणी खोलीकडच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर भिंतीतलं. दोन दिवसांनी थेंब भिंतीकडे होते. मुख्य झडप रात्रभर बंद ठेवून मीटर पाहिला, मग सकाळी झडप उघडून सगळे नळ बंद ठेवले, तरी काटा हळूच फिरत होता. नळी भिंतीतच गळत होती. ती बदलेपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही, असं ठरलं. नळी बदलून महिना झाला, रेघ वीतभर खाली आली आहे. पांढरी लव अजून फुटते, पण बाहेर.

आणि दार. लाकूड दमट हवेत धाग्यांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दार उंचीत नव्हे, रुंदीत अडकतं. नवरा पहिल्याच दिवशी रंधा मारायला निघाला होता. फुगलेलं लाकूड तासलं असतं तर वाळल्यावर करंगळीएवढी फट राहिली असती. सोळाव्या दिवशी दार एका बोटाने लागलं. रंधा माळ्यावरच आहे.