‘इसाबेल’मधल्या दोन हुआना: ला बेल्त्रानेहा कोणती आणि ला लोका कोणती?

कॅस्टीलची राणी इसाबेल हिच्यावरची ‘इसाबेल’ ही स्पॅनिश मालिका बघणारे बरेच जण तिसऱ्या पर्वात येऊन अडखळतात. हुआनाला तर मागेच मठात धाडलं होतं, मग ही लग्न होऊन फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमकडे, निघालेली हुआना कोण? उत्तर सोपं आहे: ती राणीची भाची होती, ही मुलगी आहे. पण गोंधळ उडणं साहजिक आहे. दोघींचं नाव एक, दोघींचा दावा कॅस्टीलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या, त्याच गादीवर, दोघींना लोकांनी नाव पाडलेलं आणि दोघींचं बहुतेक आयुष्य भिंतीआड गेलेलं. भरीस भर म्हणजे भाचीच्या आईचं नावही हुआना आणि इसाबेलच्या सासूबाईंचंही हुआनाच. पटकथा लिहिणाऱ्यांची दया येते.

मालिकेचा आवाका आधी सांगून टाकतो. स्पेनच्या सरकारी वाहिनीवर २०१२ ते २०१४ या काळात तिची तीन पर्वं झाली, प्रत्येकी तेरा भागांची. इसाबेल झाली मिशेल जेनर, तिचा नवरा फेर्नांदो झाला रोदोल्फो सांचो. पहिलं पर्व १४७४ च्या राज्यारोहणापाशी थांबतं, दुसरं १४९२ च्या ग्रानादा विजयापर्यंत जातं आणि तिसरं १५०४ मध्ये राणीच्या मृत्यूशी संपतं. भाची हुआना पहिल्या दोन पर्वांत महत्त्वाची, मुलगी हुआना तिसऱ्यात.

भाचीपासून सुरुवात करू. इसाबेलचा सावत्र भाऊ एन्रिके चौथा हा कॅस्टीलचा राजा. त्याचं पहिलं लग्न तेरा वर्षांनी रद्द झालं, आणि कारण दिलं गेलं ते शरीरसंबंधच न झाल्याचं. पोर्तुगालच्या हुआनाशी त्याने दुसरं लग्न केलं, त्यालाही सात वर्षं होत आली आणि फेब्रुवारी १४६२ मध्ये मुलगी झाली. दरबारात कुजबुज होणारच होती. राजाच्या मर्जीतला सरदार बेल्त्रान दे ला कुएवा याच्याकडे बोट दाखवलं गेलं आणि मुलीला ‘ला बेल्त्रानेहा’, म्हणजे बेल्त्रानची पोर, हे नाव चिकटलं. बारशाच्या वेळी तिची धर्ममाता होती खुद्द दहा वर्षांची इसाबेल. त्याच वर्षी कॅस्टीलच्या सभेने या तान्ह्या मुलीला रीतसर वारस म्हणून मान्यता दिली होती, हेही लक्षात ठेवा.

पुढे सरदारांनी बंड केलं, इसाबेलचा धाकटा भाऊ अल्फोन्सो याला पुढे केलं, तो १४६८ मध्ये वारला आणि डाव इसाबेलकडे आला. त्याच वर्षी तोरोस दे गिसांदोच्या तहात एन्रिकेने बहिणीला वारस मानलं. गंमत अशी की या तहात मुलीला बाजूला सारण्यासाठी बेल्त्रानचा आधार घेतलेलाच नाही. तिथला मुद्दा असा की राजाराणीचं लग्नच वैध नव्हतं. बापाने स्वतःच्या हाताने मुलीचा हक्क काढून घेतला आणि पुढच्याच वर्षी इसाबेलने त्याला न विचारता फेर्नांदोशी लग्न केलं, म्हणून १४७० मध्ये तो परतही दिला. या माणसाला ठाम राहणं कधी जमलंच नाही. डिसेंबर १४७४ मध्ये तो गेला आणि दोनच दिवसांत आत्याने सेगोव्हियात स्वतःला राणी म्हणून घोषित केलं. नवऱ्याची वाटसुद्धा पाहिली नाही.

मग युद्ध. तेरा वर्षांच्या हुआनाचं लग्न पोर्तुगालचा राजा अफोन्सो पाचवा याच्याशी लावलं गेलं. तो तिचा सख्खा मामा आणि वयाने तीस वर्षांनी मोठा. या युद्धात कोण कुठे उभं राहिलं ते पाहिलं की टोपणनावावरचा विश्वास डळमळतो. इसाबेलला गादीपर्यंत आणणारा आर्चबिशप कारियो आता हुआनाच्या बाजूला गेला, आणि जिला लोक त्याचीच लेक म्हणायचे तिच्याविरुद्ध, इसाबेलच्या बाजूने, लढला बेल्त्रान दे ला कुएवा. मुलगी खरंच कुणाची होती, याचा निकाल आजही लागलेला नाही. तिच्याविरुद्ध ज्या बखरी मिळतात, त्यातला आलोन्सो दे पालेन्सिया एन्रिकेचा कडवा द्वेष्टा आणि एर्नांदो देल पुल्गार इसाबेलचाच पगारी बखरकार. तेव्हा ‘सगळे तेच लिहितात’ या युक्तिवादात फारसा दम नाही.

१४७९ मध्ये अल्कासोव्हासचा तह झाला आणि हुआनापुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या: इसाबेलचा एक वर्षाचा मुलगा मोठा होईपर्यंत थांबून त्याच्याशी लग्न करायचं, नाहीतर मठात जायचं. तिने मठ निवडला. सतरा वर्षांच्या मुलीचा हा निर्णय मला तरी शरणागती वाटत नाही. पोर्तुगालमध्ये तिला ‘एक्सेलेन्ते सेन्योरा’ म्हणत, आणि ती शेवटपर्यंत ‘मी राणी’ अशीच सही करत राहिली.

याच तहाचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. कॅनरी बेटं कॅस्टीलला मिळाली, पण त्यांच्या दक्षिणेचा समुद्र आणि आफ्रिकेचा किनारा पोर्तुगालच्या वाट्याला गेला. म्हणून आफ्रिकेला वळसा घालून वास्को द गामा निघाला तो लिस्बनहून, आणि १५१० मध्ये गोवा घेतला तो अल्बुकर्कने. तेव्हा पोर्तुगालची राणी होती मारिया, म्हणजे इसाबेलचीच मुलगी आणि आपल्या दुसऱ्या हुआनाची धाकटी बहीण.

आता ही दुसरी हुआना. अल्कासोव्हासच्या तहाला दोन महिने झाले आणि नोव्हेंबर १४७९ मध्ये तोलेदोत तिचा जन्म झाला. इसाबेलचं हे तिसरं अपत्य. गादी तिच्याकडे येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं, म्हणून १४९६ मध्ये तिला हाब्सबुर्ग घराण्यातल्या फेलिपेला देऊन फ्लँडर्सला पाठवलं. मग चार वर्षांत भाऊ गेला, मोठी बहीण गेली, बहिणीचं तान्हं मूलही गेलं आणि हुआना वारस ठरली.

तिसऱ्या पर्वात इरेने एस्कोलारने ही भूमिका केली आहे आणि मालिकेतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं काम तिचंच आहे. नवऱ्याच्या बाहेरख्याली वागण्यावरून होणारे संताप, १५०३ च्या थंडीत ला मोता किल्ल्याच्या दारात रात्र काढून ‘मला फ्लँडर्सला जाऊ द्या’ म्हणून धरलेला हट्ट, हे प्रसंग घडलेले आहेत. ‘ला लोका’, म्हणजे वेडी, हे नाव इथून वाढत गेलं. फेलिपे १५०६ मध्ये अचानक वारला तेव्हा ती गरोदर होती, आणि त्याची शवपेटी घेऊन ती कॅस्टीलभर फिरली ही गोष्ट तर चित्रकारांनी अजरामर केली. काही इतिहासकार मात्र दाखवून देतात की ती पेटी ग्रानादाला न्यायची होती, जिथे इसाबेलला पुरलं होतं. मुलाचा वारसा पक्का करण्यासाठी हे शहाणपणाचंच पाऊल होतं.

दोघींतला खरा फरक इथे आहे. भाचीच्या जन्मावरच शंका घेतली, त्यामुळे एकदा युद्ध हरल्यावर तिचा हक्क कागदोपत्री संपवता आला. मुलीच्या जन्माबद्दल कुणालाच शंका नव्हती. इसाबेलने मृत्युपत्रात तिलाच वारस नेमलं, आणि ती राज्य करू शकत नसेल किंवा करू इच्छित नसेल तर फेर्नांदोने कारभार पाहावा, एवढीच पुस्ती जोडली. पण तेवढी फट पुरेशी ठरली. १५०६ मध्ये बाप आणि नवरा एकमेकांचे वैरी असूनही एका गोष्टीवर एकमताने सही करून बसले, की हुआना राज्य करायला लायक नाही. नवरा गेला, मग बापाने १५०९ मध्ये तिला तोर्देसियासच्या वाड्यात ठेवलं, आणि मुलगा कार्लोस आल्यावर त्यानेही तिथेच ठेवलं. तिला पदच्युत मात्र कुणी केलं नाही. १५५५ मध्ये ती मेली तोवर राजपत्रांवर आईचं आणि मुलाचं नाव बरोबरीने लिहिलं जात होतं. १५२० मध्ये कोमुनेरो, म्हणजे कार्लोसविरुद्ध उठलेल्या कॅस्टीलच्या शहरांचे बंडखोर, तिच्या दारात पोचले होते. तिने त्यांच्या कागदांवर सही केली असती, तर कार्लोसचं काय झालं असतं सांगता येत नाही. तिने सही केली नाही.

ती खरंच आजारी होती का? काही काळ असावी, असं मला वाटतं. पण शेहेचाळीस वर्षांच्या कोंडवाड्यात कोण धड राहील?

दोघींच्या काळाची सरमिसळ टाळायला एवढं ध्यानात ठेवा की त्या एकापाठोपाठ एक झालेल्या नाहीत. थोरली १५३० मध्ये लिस्बनला वारली, म्हणजे दोघी पन्नासेक वर्षं एकाच वेळी जिवंत होत्या, आणि थोरलीच्या अखेरच्या पाच वर्षांत पोर्तुगालची राणी होती कातालिना, तोर्देसियासच्या कैदेत आईपाशी वाढलेली धाकट्या हुआनाची लेक.

मालिका संपवून पुढचं बघायचं असेल, तर प्रदर्शनाच्या क्रमाने जाऊ नका. ‘कार्लोस, रेय एम्पेरादोर’ २०१५ मध्ये आधी आली आणि ‘ला कोरोना पार्तिदा’ हा चित्रपट २०१६ मध्ये नंतर, पण कथेत चित्रपट मध्ये बसतो. राणीच्या मृत्यूनंतरची बाप आणि जावयाची खेचाखेच त्यातच आहे, आणि हुआना तिथेही इरेने एस्कोलारच आहे. ‘कार्लोस’मध्ये मात्र तोर्देसियासची हुआना लाया मारुल झाली आहे, तेव्हा चेहरा बदलला म्हणून ही तिसरी हुआना समजू नका.